सात अवयवांचा शब्द

वालाचं बिरडं करायचं ठरलं की आमच्या घरी आदल्या दिवसापासून तयारी सुरू होते. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. चिमटीत धरून जरा दाबलं की साल सुळकन निघते आणि गुळगुळीत डाळिंबी ताटात पडते. जोर जास्त झाला तर डाळिंबीचीच दोन शकलं होतात. मग दिसतं की आत एक वाकडा, पांढरट कोंब होता आणि दोन्ही शकलं त्याला दोन बाजूंनी बिलगून होती. मोडलेल्या डाळिंब्या रश्श्यात विरघळतात म्हणून घरातलं कोणीतरी रागावतं, यापलीकडे त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण इंग्रजीतली दोन लांबलचक विशेषणं या शकलांच्या मोजणीवरच उभी आहेत. वाल, तूर, हरभरा, कापूस, आंबा हे ‘डायकॉटिलीडनस’. ज्वारी, भात, ऊस, कांदा, केळ, नारळ हे ‘मोनोकॉटिलीडनस’. ज्वारीचा दाणा कितीही भिजवा, त्याची अशी दोन दळं व्हायची नाहीत.

हे पुस्तक अशा विशेषणांविषयी आहे. त्यात वनस्पतींचं वर्णन येतं, पण ते ओघाने. खरा विषय आहे तो वर्णनाचे शब्द: ते कशाकशाचे जोडले गेले, तोंडाने म्हणताना त्यांचे किती तुकडे पडतात, आणि त्यातल्या कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा. व्याकरणाच्या भाषेत घटक, अवयव आणि आघात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात या तिन्हींबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शब्द फळ्यावर लिहिला जातो, खाली व्याख्या येते, आणि मुलं तो स्पेलिंगसह पाठ करतात.

मीही तेच केलं होतं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावीत जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक हातात मिळालं की जे होतं ते माझं झालं. ‘मोनोकॉट’ हा आखूड शब्द आधी भेटला, म्हणून लांब शब्दातही मी तोच तोडून काढला आणि उरलेल्या ‘इलीडनस’चा अर्थ शब्दकोशात शोधत बसलो. तो सापडणार कुठून? पुढे बरीच वर्षं शिकवताना पाहिलं की दर वर्षी वर्गातली दोन-तीन मुलं नेमकी तिथेच कुऱ्हाड घालतात. चूक त्यांची म्हणवत नाही. ‘मोनोकॉट’ हे लघुरूपच शब्दाच्या सांध्यावर न तोडता हाडावर तोडलेलं आहे. त्यातल्या ‘कॉट’ला स्वतःचा काही अर्थ नाही.

सांध्यावर तोडलं तर तीन तुकडे मिळतात. ‘मोनो’ म्हणजे एक. शेवटचा ‘अस’ हा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेला प्रत्यय, आपल्या ‘-युक्त’ किंवा ‘-ई’सारखा. मधला ‘कॉटिलीडन’ मात्र चवीने खाण्यासारखा आहे. ग्रीकमध्ये ‘कोटिली’ म्हणजे वाटी. द्रव पदार्थ मोजायच्या एका मापालाही तेच नाव होतं. त्यावरून ‘कोटिलेडोन’ म्हणजे वाटीसारखा खळगा. पानाला मध्ये खोलगट बशीसारखा आकार असलेल्या एका वनस्पतीला जुने ग्रीक वैद्य हे नाव देत. शरीरशास्त्रज्ञांनी ते उचललं आणि गाईगुरांच्या वारेवर ज्या गाठी असतात, ज्यांच्यातून गर्भाला पोषण मिळतं, त्यांना लावलं. तिथून ते बियांत आलं. कोवळ्या अंकुराला बी फुटल्यावर पहिले काही दिवस जे पोसतं, ते बियांमधलं मांसल दळ म्हणजे त्याची वारच, अशी ही कल्पना. तेव्हा शब्दशः पाहिलं तर वाल हा ‘दोन वाट्यांचा’ आणि ज्वारी ‘एका वाटीची’. आमच्या ताटातल्या डाळिंबीचं शकल आतून किंचित खोलगट असतं, तेव्हा हे नाव अगदीच वावगं नाही.

आता आपल्याकडे वळून पाहा. किराणा दुकानदार ‘द्विदल धान्य’ म्हणतो तेव्हा तो हाच शब्द वापरत असतो, आणि त्याला कोणी शास्त्र शिकवलेलं नसतं. ‘डाळ’ हा शब्दच मुळी दुभंगण्याच्या, दळ वेगळं होण्याच्या क्रियेतून आला. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला जी संकल्पना परकी म्हणून घोकायला लावतात, ती त्याच्या आईच्या डब्यांच्या फळीवर ओळीने मांडलेली असते.

रचनेच्या दृष्टीने हे विशेषण म्हणजे सरळसरळ बहुव्रीही समास. पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र नव्हे, पिवळं वस्त्र आहे ज्याचं तो. तसंच इथे: एक दलिका, म्हणजे बियांतलं दळ, आहे जिला ती वनस्पती. हा प्रकार युरोपीय भाषांत मुबलक आहे, आणि त्याला नेमकं नाव हवं म्हणून तिथल्या भाषाभ्यासकांनी आपलं ‘बहुव्रीही’ हेच नाव जसंच्या तसं घेतलं. म्हणजे विग्रह करायचं कसब आठवी-नववीत मराठीच्या तासाला घोटून घेतलेलं असतं. जीवशास्त्राच्या तासाला ते दप्तरातून बाहेर काढायचं कोणी सांगत नाही, इतकंच.

घटकांपर्यंत सगळं सरळ आहे. गोंधळ पुढे आहे, कारण अर्थ शब्दाला एका जागी तोडतो आणि जीभ दुसऱ्या जागी. अर्थाने तीन तुकडे: मोनो, कॉटिलीडन, अस. उच्चाराने सात: मॉ, नो, कॉ, टि, ली, ड, नस. शेवटच्या अवयवात मागच्या घटकाचा ‘न’ आणि पुढच्याचा ‘अस’ एकमेकांत मिसळलेले आहेत. यात नवल वाटण्याचं कारण नाही. ‘विद्यार्थी’ म्हणताना आपण वि-द्या-र्थी असं म्हणतो, अर्थ मात्र विद्या आणि अर्थी असा लागतो. सांधा ‘द्या’च्या पोटात लपलेला असतो. रोजच्या बोलण्यातलं उदाहरण हवं असेल तर ‘हेलिकॉप्टर’ घ्या. जीभ आणि वर्तमानपत्रं दोन्ही त्याला ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असं तोडतात, पण मुळात तो ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टर’ म्हणजे पंख असा आहे. हाच पंख आपल्या बिबळ्याच्या शास्त्रीय नावात, ‘टेरोकार्पस’मध्ये आहे. कार्पस म्हणजे फळ. बिबळ्याची चपटी गोल शेंग आणि तिच्या कडेने फिरलेली कागदासारखी झालर एकदा हातात घेतली की ‘पंखफळ’ पुन्हा पाठ करावं लागत नाही.

देवनागरीने यात आणखी एक गुंता केला आहे. ‘मोनोकॉटिलीडनस’ असं लिहिलं तर अक्षरं आठ भरतात, अवयव मात्र सात. कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण खाऊन टाकतो आणि ‘नस’ एका दमात उरकतो. शिवाय आपण सगळे अवयव जवळपास सारख्या वजनाने, मण्यांसारखे ओवत जातो. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे एक अवयव उचलून धरतात आणि बाकीचे गिळतात. इथे उचललेला अवयव आहे ‘ली’. त्याच्या मानाने ‘मॉ’ आणि ‘कॉ’वर हलका भार, उरलेले नुसते पुटपुटल्यासारखे. बहुतेक मराठी पुस्तकांत हा शब्द ऱ्हस्व ‘लि’ घालून छापलेला दिसतो, आणि जिथे जोर द्यायचा नेमकं तेच अक्षर आखूड होऊन बसतं.

आघात ‘ली’वरच का? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर मिळालं तेव्हा हसू आलं, कारण ते मला शाळेपासून ठाऊक होतं. लॅटिनचा नियम असा: शेवटचा अवयव सोडून द्या, त्याच्या आधीचा पाहा. तो जड असेल तर आघात त्याच्यावर. हलका असेल तर आणखी एक पायरी मागे. जड कोणता? ज्यात दीर्घ स्वर आहे किंवा ज्याच्यापुढे दोन व्यंजनं एकत्र आली आहेत तो. म्हणजेच गुरू! वृत्तं शिकताना यमाताराजभानसलगा म्हणत आपण ज्या खुणा करत होतो, दीर्घ अक्षर गुरू, जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षरही गुरू, तोच हा हिशेब. पाणिनीने लघु आणि गुरू यांच्या ज्या व्याख्या बांधल्या, त्याच लॅटिनच्या आघाताला लागू पडतात. आणि इंग्रजीने लॅटिन-ग्रीक शब्दांसोबत त्यांची आघाताची सवयही बरीचशी घेतली. १९६८ साली नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवर जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी इंग्रजी आघाताचा मुख्य नियम म्हणून जे सूत्र मांडलं ते जवळजवळ लॅटिनचंच निघालं.

करून पाहू. ‘मोनोकॉटिलीडनस’मध्ये शेवटून दुसरा अवयव ‘ड’, लघु. म्हणून आघात मागे ‘ली’वर. ‘गॅमोपेटॅलस’, म्हणजे जुळलेल्या पाकळ्यांचं (धोतरा, सदाफुली): शेवटून दुसरा अवयव लघु, म्हणून आघात ‘पे’वर. मोहरी-मुळ्याच्या कुळाला लागणारं ‘क्रूसिफेरस’: आघात ‘सि’वर. उलट ‘अँजिओस्पर्मस’मध्ये शेवटून दुसऱ्या ‘स्पर्’पुढे जोडाक्षर आहे, तो गुरू, म्हणून आघात तिथेच. गंमत अशी की ‘अँजिओस्पर्म’ या नामात आघात पहिल्याच ‘अँ’वर असतो; प्रत्यय लागला की तो उडी मारून पार पुढे जातो. मुलांना हे दोन वेगळे शब्द वाटतात ते उगाच नाही.

नियमाची खरी परीक्षा एका जोडीत होते. ‘झीरॉफिलस’ म्हणजे कोरड्या जागी रमणारं, आणि ‘झीरोफिल्लस’ म्हणजे कोरड्या हवेत टिकणाऱ्या पानांचं. पहिल्यात ‘फिल’ म्हणजे प्रेम, दुसऱ्यात ‘फिल्ल’ म्हणजे पान. इंग्रजीत दोन्हींचा ‘फि’ सारखाच ऐकू येतो. जोडलेला ‘ल’ फक्त कागदावर उरला आहे. पण त्या जोड ‘ल’मुळे एके काळी तो अवयव गुरू होता, म्हणून दुसऱ्या शब्दात आघात ‘फि’वर बसला, आणि पहिल्यात तो मागे ‘रॉ’वर गेला. प्रेम आणि पान यांतला फरक आज फक्त आघात सांगतो. वाऱ्याने परागण होणाऱ्या फुलांचं ‘ॲनिमॉफिलस’ आणि कीटकांनी होणाऱ्यांचं ‘एंटोमॉफिलस’ ही पहिल्या घरातली माणसं. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं असली की येणारं ‘हेटरोफिल्लस’ दुसऱ्या घरातलं.

नियम सगळीकडे पाळला जातो असं म्हणालो तर ती थाप होईल. ‘-इक’ हा प्रत्यय हट्टी आहे. लघु-गुरू न बघता तो आघात आपल्या शेजारच्या अवयवावर ओढतो, जसं ‘एंडेमिक’मध्ये ‘डे’वर. ‘-एट’वाल्या विशेषणांनी तर लॅटिनशी फारकतच घेतली. भाल्याच्या पात्यासारख्या पानाला ‘लॅन्सिओलेट’ म्हणतात. मूळ लॅटिनमध्ये आघात ‘ला’वर होता, इंग्रजीने तो उचलून थेट पहिल्या ‘लॅ’वर नेऊन ठेवला. अशा बंडखोरांसाठी पुस्तकात वेगळं प्रकरण आहे.

हे सगळे शब्द आले कुठून? ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या सांध्यावर वनस्पतींवर लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर परिभाषा नव्हतीच. त्याने बाजारातले, शेतातले ग्रीक शब्द घेतले आणि जिथे अडलं तिथे जोडशब्द बनवले. फळाच्या बियांभोवतालच्या भागाला ‘पेरिकार्पिऑन’ हा त्यातलाच. पुढची जवळपास दोन हजार वर्षं वनस्पतींची वर्णनं उपमांवर चालली: अमक्यासारखं पान, तमक्यासारखा वास. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला, मालपिगी आणि ग्रू यांनी झाडाच्या आत डोकावून पाहिलं, आणि शब्दांची टंचाई जाणवायला लागली. लोहाराचा मुलगा असलेल्या जॉन रे या इंग्रज धर्मोपदेशकाने १६८२ साली बियांतल्या दळांच्या संख्येवरून वनस्पतींचे दोन मोठे गट दाखवले आणि १७०३ मध्ये त्यांना ‘मोनोकॉटिलीडोन’ आणि ‘डायकॉटिलीडोन’ ही नावं रूढ केली. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये जुसियने त्यांच्या जोडीला दळंच नसलेल्यांचा तिसरा गट बसवून आपलं सगळं वर्गीकरण या तीन विशेषणांवर उभारलं.

मधे लिनिअस होऊन गेला. १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त त्याने ३६५ क्रमांकित कलमांत शास्त्राला घटना दिली म्हणायला हरकत नाही. कोणत्या भागाला काय म्हणायचं, कोणता शब्द चालेल, कोणता नाही, हे त्याने हुकूम सोडल्यासारखं ठरवलं. पुंकेसरांची मोजणी करून त्याने वनस्पतींचे २४ वर्ग पाडले आणि त्यांना संसाराची नावं दिली: एक नवरा, दोन नवरे, एक घर, दोन घरं. ‘मोनीशस’ आणि ‘डायीशस’ ही विशेषणं त्या घरांतून आली. नारळाच्या एकाच झाडावर नर-मादी फुलं नांदतात, ते एक घर. पपईची नर-मादी झाडं बहुधा वेगळी असतात, ती दोन घरं. हाच ग्रीक ‘ऑइकोस’, घर, पुढे १८६६ मध्ये हेकेलने ‘इकॉलॉजी’त घातला.

शब्द टिकतो आणि अर्थ बदलतो, याची उदाहरणं पुस्तकात जागोजागी भेटतील, पण तुळशीचं मला इथेच सांगितल्याशिवाय राहवत नाही. बी झाकलेल्या वनस्पतींसाठी ‘अँजिओस्पर्म’ हा शब्द लायडनच्या पॉल हर्मनने १६९० मध्ये काढला. लिनिअसने तो आणि त्याचा जोडीदार ‘जिम्नोस्पर्म’ वेगळ्याच कामाला लावले. तुळशीच्या निदलपुंजात दिसणारे चार बारीक दाणे त्याला उघड्या बिया वाटल्या, म्हणून त्याच्या व्यवस्थेत तुळस उघड्या बियांच्या गणात बसली. ते दाणे म्हणजे खरं तर फळाचे तुकडे. खरोखर उघडं बीज कोणाचं, ते सायकस आणि सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये दाखवलं, आणि मग शब्द आजच्या जागी आले.

शब्दांचा साठा असा वाढत असताना इंग्लंडात भांडण जुंपलं, आणि ते आपल्याला फार ओळखीचं वाटेल. १७७६ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरने ब्रिटिश वनस्पतींचं पुस्तक काढलं. सामान्य वाचकाला, विशेषतः स्त्रियांना वाचता यावं म्हणून त्याने लिनिअसच्या संज्ञांऐवजी साधे इंग्रजी शब्द घातले आणि नवरा-बायकोची भाषाही गाळली. पुंकेसराला ‘चाइव्ह’, स्त्रीकेसराला ‘पॉइंटल’. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांना हे पसंत नव्हतं. त्यांच्या लिचफील्डच्या मंडळाने १७८३ ते १७८५ या काळात लिनिअसचं भाषांतर केलं, त्यासाठी शब्दांबाबत कोशकार डॉ. जॉन्सनचा सल्ला घेतला, आणि लॅटिन संज्ञा शक्य तितक्या जशाच्या तशा ठेवल्या. अखेर लॅटिनवाले जिंकले. जर्मनांनी तिसरी वाट धरली: घरच्या शब्दांचे जोडशब्द. त्यांच्याकडे मोनोकॉटिलीडनसला ‘आइनकाइमब्लेट्रिश’ म्हणतात, एक-अंकुर-पानी. आपल्या शालेय पुस्तकातल्या ‘एकबीजपत्री’शी त्याची तंतोतंत जोडी जमते.

मराठीत हे तिन्ही पंथ एकत्र नांदतात आणि अधूनमधून भांडतात. मराठी विश्वकोशाने ‘एकदलिकित’ घेतला, शाळेने ‘एकबीजपत्री’, बाजाराने आधीच ‘द्विदल’. संस्कृत घडणीच्या परिभाषेला नाकं मुरडायची सध्या पद्धत आहे. मला ती अर्धीच पटते. ‘एकबीजपत्री’त एक बीज आहे की एक पत्र, हे शब्द सांगत नाही, ही खोट खरी. पण विश्वकोशातली ‘संदल’ आणि ‘प्रदल’ ही जोडी पाहा. फुलाच्या बाहेरचं हिरवं दल आणि आतली पाकळी, दोघांचं नातं उपसर्गातून कळतं. इंग्रजीतल्या ‘सेपल’ आणि ‘पेटल’ची कथाही अशीच. ‘पेटल’ आधीपासून होता. १७९० मध्ये नेकर याने आवरण या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा तुकडा त्याच्या शेपटीला जोडून ‘सेपल’ बनवला. आपल्या परिभाषाकारांना कृत्रिम म्हणून हिणवणाऱ्यांनी नेकरलाही दोन शब्द सुनवावेत.

एका गोष्टीची मात्र खंत आहे. मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यासाठी रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोकणी वैद्यांनी मदत केली, आणि त्यांचं नागरीत लिहिलेलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. चित्रांवरही कोकणी नावं नागरीत कोरलेली आहेत. लिनिअसने तो ग्रंथ वापरला. नावं इथली गेली, वर्णनाची विशेषणं मात्र सगळी तिथली राहिली. बेंथम आणि हूकर यांच्या वर्गीकरणातली पॉलिपेटॅली आणि गॅमोपेटॅली, कुकने १९०१ ते १९०८ या काळात लिहिलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची, आणि आमच्या प्रयोगवह्या, सगळ्यांत तीच मुळं फुटलेली दिसतात.

एखाद्याला वाटेल की लॅटिन संपत आलं, मग ही उठाठेव आता कशाला. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं हा नियम १ जानेवारी १९३५ पासून लागू होता. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागलं. सह्याद्रीच्या सड्यांवरून आजही नव्या जाती नोंदल्या जातात, आणि आता त्यांची वर्णनं बहुधा इंग्रजीत येतात. पण ती इंग्रजी वर्णनं उघडून पाहा. क्रियापदं जवळजवळ नसतात. ओळीमागून ओळ नुसती विशेषणं, आणि तीही लॅटिन-ग्रीक घटकांची. पुस्तकांच्या दुकानात नोकरीला लागलेल्या, स्वतःच शिकलेल्या विल्यम स्टर्न या माणसाने १९६६ मध्ये ‘बोटॅनिकल लॅटिन’ लिहिलं तेव्हा लॅटिन व्याकरण शिकणं भाग होतं. आता व्याकरणाची सक्ती गेली, शब्दसंपत्तीची अडचण तशीच उरली. वर्गीकरणही त्या शब्दांच्या हातून निसटतंय: १९९८ च्या अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपच्या मांडणीत एकदलिकित गट टिकला, द्विदलिकित हा एकसंध गट मात्र मोडीत निघाला. ‘डायकॉटिलीडनस’ हे विशेषण त्यानंतरही बियाणं ओळखताना, तणनाशकाच्या माहितीपत्रकात, परीक्षेत रोज वापरात आहे. गट गेला, गुण राहिला, आणि विशेषण मुळात गुणासाठीच असतं.

‘नीट’ची परीक्षा मराठीतून देता येते, पण अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकं बहुतेकांच्या हातात इंग्रजीच असतात. अशा मुलामुलींसाठी, त्यांना शिकवणाऱ्यांसाठी, आणि कासच्या पठारावर हातात भिंग घेऊन गेंदाच्या फुलाचं वर्णन वाचू पाहणाऱ्या हौशी माणसांसाठी हे पुस्तक आहे. त्यात शब्द मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेले नाहीत. ते शेवटाकडून लावले आहेत: ‘-अस’चे एकत्र, ‘-एट’चे एकत्र, नसराळ्यासारख्या फुलाच्या ‘इन्फंडिब्युलिफॉर्म’सारखे ‘-फॉर्म’चे एकत्र. कारण आघात शेपटीवरून ठरतो. प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी आहेत, वर उच्चाराचे अवयव, खाली अर्थाचे घटक. आणि शक्य तिथे आपल्या परिसरातलं एक झाड, जे उपटून, फोडून, सोलून पाहता येईल. मराठी प्रतिशब्द दिले आहेत, पण कोणता घ्यावा याचा निवाडा केलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र मी माझ्या मनाने, उच्चाराप्रमाणे लावले आहेत, आणि त्यावरून पत्रं येतील याची तयारी ठेवली आहे.

छपाईच्या वेळी अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने एक शंका काढली. या प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर ‘मोनोकॉटिलीडनस’ ओळीच्या शेवटी आला होता आणि मावत नव्हता. ‘सर, कुठे तोडू?’ इंग्रज मुद्रकांची परंपरा शब्द मुळाप्रमाणे तोडण्याची, अमेरिकनांची उच्चाराप्रमाणे, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे उत्तर देणं आणखीच अवघड झालं. दोन दिवस विचार केला. शेवटी त्या वाक्यात ऊस आणि कांद्याच्या जोडीला केळ आणि नारळही घातले, आणि शब्द अखंड खालच्या ओळीवर उतरला.